नवी नळी, जुनीच ओढ

आजोबांनी बिडी ओढली, वडिलांनी सिगारेट. आता आपल्यातील काहींच्या हाती बॅटरीवर चालणारी सिगारेट आली आहे. पहिली साधी नळी जुनी वाटू लागली, की अधिक वाफ सोडणारी, मोठ्या बॅटरीची नळी हवीशी वाटते. यालाच प्रगती म्हणायचे काय? आतले द्रव तापून वाफ होते खरी, पण तिच्याबरोबर छातीत उतरते ते बहुधा निकोटीनच. नळी सुधारते; ओढणारा मात्र अधिकच बांधला जातो.

२०१९ च्या कायद्याने देशभर तिची विक्री, आयात व जाहिरात बंद केली. परंतु खरा प्रश्न कायद्याचा नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत कितीतरी घरी उन्हाळ्यात तेंदूपाने तोडून मुलांच्या फीची सोय होते. ती पाने बिडीसाठीच जातात, म्हणून व्यसनाविरुद्ध बोलताना माझीही जीभ अडखळते. तरी आईने उन्हात कमावलेला पैसा खर्ऱ्यात किंवा वाफेत उडविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

चांगली नळी कोणती, असे विचारणाऱ्या मित्राला माझे उत्तर एकच: जी तू घेतली नाहीस ती.