बंदूक सगळ्यांत शेवटी

मुंबईकडून आलेला रस्ता वडखळच्या नाक्यावर फुटतो. एक फाटा अलिबागकडे जातो, दुसरा गोव्याकडे. अलिबागवरून मुरुडच्या वाटेला लागले की फणसाडचे जंगल येते. जंजिऱ्याच्या नवाबांचे ते राखीव शिकारीचे रान होते. १९८६ साली त्याचे अभयारण्य झाले. मागे पनवेलच्या बाजूला कर्नाळ्यात १९६८ पासून पक्ष्यांना अभय आहे. त्यातच १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौसेच्या शिकारीचे दारच बंद झाले. शेतात शिरलेले रानडुक्करसुद्धा आज सरकारी परवानगीवाचून मारता येत नाही.

पण आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी काही कायद्याने बंद होत नाहीत! त्या ऐकून घरातला चौदा वर्षांचा मुलगा, किंवा मुलगीही बरे का, “लांब पल्ल्याची रायफल घ्या” म्हणून हट्ट धरून बसते. हा हट्ट मोडू नये, फक्त वळवावा. रोखलेला श्वास, स्थिर हात आणि अचूक नेम यांचा आनंद नेमबाजीत पुरेपूर मिळतो, आणि कुणाचा जीव जात नाही.

आता प्रश्न उरतो खिशाचा. वडील म्हणतात, “एकदाच काय ती चांगली घेऊ.” आई म्हणते, “आधी स्वस्तातली घेऊन पाहा.” दोघांचेही अर्धेच बरोबर आहे. खरे उत्तर असे, की बंदूक सगळ्यांत शेवटी घ्यावी.

लांब पल्ल्याची सुरुवात दहा मीटरवर होते. ऐकायला हे अंतर किरकोळ वाटेल. पण एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका असतो अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा! हे दहा मीटर ज्याला साधले नाहीत, त्याच्या हाती पन्नास मीटरची रायफल देणे म्हणजे पोहायला न शिकलेल्याला होडी घेऊन देणे.

म्हणून पहिली पायरी क्लबची. पनवेलला सुमा शिरूर यांचा ‘लक्ष्य शूटिंग क्लब’ आहे. या बाईंनी २००४ साली क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. आपल्या गावाजवळ असा क्लब असेल तर पहिले काही महिने तिथल्याच रायफलीवर काढावेत. हौस टिकते की चार रविवारांत विरते, तेही कळते.

दुसरी पायरी छर्र्यांची, आणि ती सगळ्यांत स्वस्त. प्रत्येक नळीला आपापला छर्रा मानवतो. दोन-तीन प्रकारचे डबे आणून रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवावी आणि प्रत्येकाचे दहा-दहा बार काढावेत. ज्याची भोके सर्वांत जवळजवळ पडतील, तो छर्रा आपला.

हीच परीक्षा पुढच्या प्रत्येक खर्चाआधी घ्यावी. टेकवलेल्या रायफलीने एकाच भोकात दहा छर्रे घातले आणि हातात धरल्यावर ते विखुरले, तर दोष रायफलीचा नाही. तिथे पैसा नव्हे, सराव कमी पडतो आहे.

तिसरी पायरी जाकिटाची. नेमबाजाचे जाड जाकीट पाठीला आधार देते. पण वाढत्या अंगाच्या मुलाला मापाचे नवेकोरे शिवून घेऊ नये. जुने मिळाले तर पाहावे. आयांना हे सांगायला नकोच!

चौथी पायरी स्वतःच्या रायफलीची. साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. मात्र ओळखीची कागदपत्रे द्यावी लागतात. आधी साध्या माशीची देशी रायफल घ्यावी. स्पर्धांत तिचा वेगळा गटही असतो. दस्ता लांब-आखूड करता येतो का, हे जरूर पाहावे. परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते. जुनी घ्यायची झाल्यास तिच्या हवेच्या टाकीवरची मुदत आधी वाचावी. मुदत संपलेली टाकी स्पर्धेत चालत नाही, आणि स्वस्ताई अंगलट येते.

यानंतर पन्नास मीटर आणि पॉइंट बावीसची रायफल. तिला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना हवाच. एवढ्या अंतरात तिची गोळी चार-पाच इंच खाली येते. हवा-वाऱ्याचा अंदाज, दुर्बिणीतून पाहणे, हे सारे तिथपासून सुरू होते.

ही वाट लांबची खरी, पण पोहोचवते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या एका शिक्षकाचा मुलगा स्वप्नील कुसाळे २००९ साली सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. पुढे त्याने रेल्वेत नोकरी धरली, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतले. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

एक मात्र पहिल्याच दिवशी शिकवा: बंदूक भरलेली असो वा रिकामी, तिची नळी माणसाकडे वळवायची नाही. एअर रायफल खेळणे नव्हे. तिच्या छर्र्याने डोळा जातो. घरात ती रिकामी आणि कुलपात असावी.

तेव्हा येत्या पाडव्याला बंदुकीच्या दुकानात जाऊ नका. मुलाला घेऊन पनवेलची एस.टी. पकडा. तिकिटाचे पैसे तेवढे पहिला हप्ता समजा!