कायदा नाही म्हणून?

ओटावा नदीच्या दोन्ही तीरांवर हिवाळा एकच असतो. एकाच वादळाचा बर्फ अलीकडे ओटावा शहरावर पडतो आणि पलीकडे गॅटिनोवरही. पण पलीकडे क्वेबेक प्रांत लागतो. तिथे नोंदलेल्या गाडीला १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर लावलेच पाहिजेत, नाहीतर दोनशे ते तीनशे डॉलर दंड होतो. २००८ सालापासून हा कायदा आहे. त्याआधीही तिथले बहुतेक लोक आपणहून हे टायर लावत. जे लावत नव्हते त्यांच्यासाठी सरकारला सक्ती करावी लागली. अलीकडे, आमच्या ऑन्टॅरिओत, अशी सक्ती नाही. इथे सरकारने माणसाच्या विवेकावर भरवसा ठेवला आहे. आम्ही मराठी माणसं त्या भरवशाला पात्र आहोत का? टोरंटोच्या परिसरात वर्षानुवर्षं राहून, आपल्या लोकांच्या गाड्या पाहून माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते मी जाहीरपणे लिहितो आहे.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहा. पैठण्या, शेरवान्या, तिळगुळाचे डबे आत जातात. बाहेर एक महागडी जर्मन सेदान. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. टायर रुंद, चपटे, उन्हाळ्यातले. कडेच्या खाचा घासून रबर गुळगुळीत झालेलं. कार्यक्रम संपल्यावर मालक गाडी काढायला जातो. जेमतेम हातभर चढ आहे, पण मागची चाकं जागच्या जागी फिरतात, बर्फ वितळून पुन्हा गोठतो, खाली काचेसारखा थर तयार होतो. तिघं-चौघं मागून ढकलतात. मालक आणखी जोरात ॲक्सिलरेटर दाबतो आणि गाडीची मागची बाजू एकाएकी डावीकडे सरकते, तिथे बाबागाडी घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या गुडघ्यापर्यंत. मग सगळे हसतात. ‘कॅनडाचा हिवाळा!’ असं म्हणत माणसं आपापल्या गाड्यांकडे वळतात. हे हसणं मला सहन होत नाही. यात हिवाळ्याचा काडीचाही दोष नव्हता. चाळीस-पन्नास हजार डॉलरची गाडी घेणाऱ्या माणसाने टायर आणि रिम मिळून हजार-दीड हजार डॉलर वाचवले होते, आणि ती बचत त्या बाबागाडीच्या जिवावर केली होती.

हेच लोक दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात, चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडतात. ज्या टायरखाली लिंबू ठेवलं, तो टायर मात्र कोणी वाकून पाहत नाही. वास्तविक टायर बदलायचा विचार करण्याचा काळ नेमका तोच. पारा सात अंशांच्या खाली जाऊ लागला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि रस्त्यावरची पकड सुटू लागते. त्यासाठी बर्फच पडायला हवा असं नाही. विंटर टायरचं रबर मुद्दाम असं बनवलेलं असतं की गोठणबिंदूखालीही ते मऊ राहतं, आणि त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. हे कळायला पदवी लागत नाही. आणि आमच्यात तर निम्मे इंजिनिअर! घर्षणाचं गणित परीक्षेत सोडवून आलेली माणसं स्वतःच्या चार चाकांपुरतं ते विसरतात, याला अज्ञान म्हणता येणार नाही.

‘आमची ऑल व्हील ड्राइव्ह आहे, आम्हाला गरज नाही,’ हे मी शंभरदा ऐकलं आहे. चारही चाकांना जोर मिळाला तर गाडी लवकर निघते. थांबताना त्याचा काही उपयोग नाही. थांबवतं ते रबर. कोरड्या डांबरावर ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर पंधरा मीटरच्या आसपास थांबते. दबलेल्या बर्फावर तिला त्याच्या तिप्पट-चौपट जागा लागते. त्या जागेत कोणाचं तरी मूल रस्ता ओलांडत असतं. ‘इलेक्ट्रॉनिक्स सांभाळून घेतं’ हाही असाच भ्रम. कॅनडात २०११ च्या सप्टेंबरपासून बनलेल्या नव्या गाड्यांना स्थिरता राखणारी यंत्रणा सक्तीची आहे आणि ती उपकारक आहे, पण नसलेली पकड ती आणणार कुठून?

रिअर व्हील ड्राइव्हला मी दोष देत नाही. व्होल्वोची २४० ही मागच्या चाकांची गाडी १९७४ ते १९९३ बनत होती आणि स्वीडनच्या बर्फात तिने घरंच्या घरं सांभाळली. अशी गाडी घेणाऱ्याने तिची रीत मात्र शिकली पाहिजे. वळणावर ॲक्सिलरेटर हलक्या पायाने द्यायचा. मागची बाजू सुटली तर पाय सावकाश काढायचा, नजर जायचंय त्या दिशेला ठेवायची आणि स्टिअरिंग तिकडेच वळवायचं. ब्रेकवर नाचायचं नाही. अलीकडे आपल्याकडे मागच्या चाकांच्या विजेच्या गाड्या पुष्कळ झाल्या आहेत. त्यांत पाय उचलताच मोटर मागची चाकं आवळते आणि घसरड्या उतारावर तेवढ्यानेही गाडी फिरू शकते. सोय असेल तर तो जोर कमी करून ठेवावा. डिकीत वाळूची पोती टाकून गाडी निघेल, पण वाढलेलं वजन थांबवावंही तुम्हालाच लागेल. आणि जोर मागच्या चाकांना म्हणून मागचे दोनच विंटर टायर लावणं हा शुद्ध कद्रूपणा आहे: मागची चाकं ढकलतात आणि पुढची ना वळत, ना थांबत. टायर चारही लावायचे. त्यांच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण ही खूण पाहायची. नुसत्या ‘एम प्लस एस’ अक्षरांवर जायचं नाही. क्वेबेकने २०१४ च्या डिसेंबरपासून ही खूण सक्तीची केली ती उगाच नव्हे. खाचा चार मिलिमीटरच्या खाली गेल्या की बर्फापुरता तो टायर संपला. कडेला कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांवरून तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला तेही कळतं.

आता घरात डोकावू. नवी गाडी कोणाकडे असते? बहुतेक घरांत नवऱ्याकडे. जुनी, मागच्या चाकांची, ‘आणखी एक वर्ष काढेल’ म्हणून ठेवलेली गाडी बायकोकडे. पहाटे पाचला, रस्ते साफ करणारे ट्रक फिरण्याआधी, इस्पितळातल्या पाळीला तीच निघते. नवरा घरून काम करतो आणि त्याच्या गाडीचे नवेकोरे टायर गराजमध्ये सुरक्षित असतात. स्त्रीच्या जिवाची किंमत आपण अजूनही दुसऱ्या नंबरची धरतो; सातासमुद्रापार येऊनही हा हिशेब बदललेला नाही.

सगळ्यात मोठं पाप मात्र याहून वेगळं आहे. सप्टेंबरात नाशिक-साताऱ्याकडून मुलं शिकायला येतात. वडिलांनी घर किंवा जमीन तारण ठेवून कर्ज काढलेलं असतं. तिघं मिळून जुनी गाडी घेतात, रात्री घरोघरी जेवण पोचवतात. ही गाडी त्यांना विकतो कोण? पुष्कळदा आपलाच माणूस. ‘आपल्या गावचा आहेस म्हणून स्वस्तात देतो’ म्हणतो आणि विकण्याआधी चांगले टायर उतरवून घासलेले चढवतो. विंटर टायरचा संच वेगळा, वेगळ्या भावाने विकतो. ज्या पोराने आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही, त्याच्या हातात तो ही गाडी देतो. आणि जानेवारीच्या वादळात, स्वतःची गाडी काढायची हिंमत होत नाही म्हणून, आम्हीच त्या पोराकडून गरम बिर्याणी मागवतो. उशीर झाला तर तक्रारही करतो. उद्या त्या पोराचं काही बरंवाईट झालं तर मृतदेह भारतात पाठवायला वर्गणी काढण्यात आम्ही सर्वांत पुढे असू. त्या वर्गणीतल्या थोड्या पैशांत चार टायर आले असते.

ही वृत्ती आम्ही घरूनच आणली आहे. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला होता. डोकं वाचवायला सांगणारा कायदा आम्हाला जुलूम वाटतो, आणि कायदा नसला की ते कर्तव्यच नाही असं आम्ही धरून चालतो. ऑन्टॅरिओत २०१६ पासून विमा कंपन्यांना विंटर टायरबद्दल हप्त्यात सवलत द्यावी लागते. ती सवलत कागदावर घेऊन टायर न लावणारे लोकही आपल्यात आहेत. समोरून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची ही फसवणूक आहे.

मंडळांना माझं एकच सांगणं आहे. गणपतीच्या वर्गणीतून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढा आणि नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांच्या गाड्यांना विंटर टायर घेऊन द्या. आणि तुम्ही, वाचणारे, या हिवाळ्यात कोणाही पोराला जुनी गाडी विकणार असाल, तर चार चांगले विंटर टायर लावूनच विका. ते जमत नसेल तर विकू नका.