मेडिकेअर रुग्णाला औषध कंपनीचे कूपन का चालत नाही?

तुमचे आई-वडील अमेरिकेत मेडिकेअरवर असतील, तर महागड्या औषधावर कंपनीचे सवलतीचे कूपन त्यांना वापरता येत नाही. यामागचे कारण समजून घ्या.

सरकारी विम्यातून पैसे जाणाऱ्या उपचारांसाठी 'कट' किंवा आमिष देणे तेथे गुन्हा आहे. एखादी योजना या कायद्यात अडकेल का, अशी शंका असल्यास कंपनी किंवा रुग्णालय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांकडे लेखी मत मागू शकते. अर्ज स्वीकारल्यावर साधारण ६० दिवसांत उत्तर मिळते. ते फक्त अर्जदारापुरते लागू असते. काल्पनिक प्रश्नांवर मत दिले जात नाही.

फायझरने हृदयाच्या अमायलॉइडोसिसवरील टॅफामिडिससाठी असे मत मागितले. तेव्हा औषध वर्षाला २,२५,००० डॉलरचे होते, रुग्णाचा वाटा सुमारे १३,००० डॉलर. यातला बहुतांश वाटा कंपनी भरणार होती. २०२० मध्ये मत विरोधात गेले. २०२२ मध्ये अपीलही फेटाळले गेले. रुग्णाला झळ बसली नाही, तर किमतीवरचा लगाम सुटतो आणि बोजा सरकारी विम्यावर पडतो, ही त्यामागची भीती. पण ज्याला आज औषध हवे आहे, त्याला हा युक्तिवाद कोरडाच वाटणार.

तुम्ही काय कराल? स्वतंत्र धर्मादाय संस्थांची मदत घेता येते. उत्पन्न कमी असेल तर 'एक्स्ट्रा हेल्प'साठी अर्ज करा. २०२५ पासून पार्ट डी योजनेतील औषधांवरच्या स्वखर्चाला वार्षिक मर्यादा आहे. २०२६ साठी ती २,१०० डॉलर आहे. पैशांअभावी औषध परस्पर बंद करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.