बॅनरवर चाळीस फोटो, शिट्टी कोणाच्या हातात?

धान निघालं, बांध्या मोकळ्या झाल्या की आपल्या दोन्ही जिल्ह्यांत स्पर्धांचा मोसम सुरू होतो. कबड्डी, व्हॉलीबॉल, टेनिस बॉलचं क्रिकेट. मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाली गावांत आणि चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणींच्या वसाहतींत फुटबॉल. चौकात बॅनर लागतो. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, दीपप्रज्वलक. पहिलं बक्षीस अमुक भाऊंकडून, दुसरं तमुक ताईंकडून, शिल्ड कोणाच्या तरी स्मरणार्थ. मी पडलो बातमीदार. नाव सुटलं तर दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन येतो, म्हणून बॅनर तळापर्यंत वाचायची सवय. इतक्या वर्षांत एकाही बॅनरवर रेफ्रीचं नाव वाचल्याचं मला आठवत नाही.

आणि स्पर्धा बंद पडते ती नेमकी त्याच्यावरून.

मागच्या हंगामात एका गावी फुटबॉलची सेमीफायनल पाहत होतो. गावाचं नाव लिहीत नाही, तिथले पोट्टे वाईट नाहीत. बांबूचे गोलपोस्ट, वर आडवी दोरी, जाळी नाही. शेवटच्या पाच मिनिटांत जोरात मारलेला बॉल खांबाजवळून गेला. मारणारे म्हणे आतून, वाचवणारे म्हणे बाहेरून. रेफ्री म्हणजे आयोजकांपैकीच एकाचा पुतण्या, एकोणीस-वीस वर्षांचा. त्याने बॉलकडे पाहिलं, मग मंडळाच्या टेबलाकडे पाहिलं, आणि मग गोल दिला. टेबलाकडे पाहिलेलं सगळ्या मैदानाने पाहिलं. पुढे खुर्च्या, चपला, मायकवरून "शांतता राखा, शांतता राखा". पोरगं शाळेच्या खोलीत लपलं. बक्षीस दोन्ही संघांना अर्धं-अर्धं वाटून देण्यात आलं. तो पोरगा आता मैदानावर येत नाही, असं त्याच्या मित्राने सांगितलं.

आता खरं सांगा, दोष कोणाचा? त्या पोराचा? त्याला नियम कोणी शिकवला होता? त्याला पैसे किती मिळणार होते? काहीच नाही, एक टी-शर्ट आणि जेवण. डीजेवाला मात्र रोख घेऊन गेला. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात दोन्ही गोलांना जाळी आली असती आणि आतून-बाहेरूनचा प्रश्नच मिटला असता.

गोलचा नियम तसा सरळ आहे. अख्खा बॉल अख्खी रेषा ओलांडून गेला पाहिजे. रेषेवर कणभर जरी असला तरी गोल नाही. पण सरळ नियमही डोळ्याला दिसावा लागतो. २०१० च्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंडच्या लॅम्पार्डचा बॉल जर्मनीच्या गोलमध्ये चांगला आत पडून बाहेर आला होता. रेफ्रीला दिसला नाही, लाइन्समनला दिसला नाही, गोल दिला गेला नाही. त्यानंतर दोन वर्षांत गोल-रेषेवरच्या तंत्रज्ञानाला मंजुरी मिळाली. जगातल्या उत्तम रेफ्रींची ही गत, तर फक्कीची रेषा पायाने पुसल्या गेलेल्या आपल्या बांधीत त्या पोराने काय करावं?

आणि गोल तर सगळ्यात सोपा. खरी पंचाईत फाउलची. आपल्याकडे समज असा की पाडलं म्हणजे फाउल, आणि जोरात बोंबलणाऱ्याला कार्ड मिळवून देता येतं. नियमात तीन पायऱ्या आहेत. खेळाडू नुसता निष्काळजी असेल तर फ्री किक, कार्ड नाही. समोरच्याला लागेल याची फिकीर न करता घुसला तर पिवळं. गरजेपेक्षा जास्त ताकद लावली, समोरच्याचा पाय मोडेल अशा बेताने गेला, तर लाल. प्रत्येक मैदानावर ऐकू येणारी आरोळी म्हणजे "आधी बॉलला लागला ना!" बॉलला आधी लागला म्हणून सगळं माफ, असं नियमात कुठेही नाही. बॉल घेऊन वरून घोटाही फोडला तर लालच.

तसंच हाताचं. बॉल हाताला लागला की अर्धं गाव "हँड, हँड" करत उठतं. हात अंगाला चिकटलेला होता की पसरून अंग मोठं केलं होतं, मुद्दाम नेला होता का, हे पाहायचं असतं. पण त्यातही एक मेख आहे. स्वतःच्या हाताला लागून बॉल थेट गोलमध्ये गेला तर चुकून लागला असला तरी गोल नाही. हे मी चहाटपरीवर सांगितलं तर चार जण माझ्याशीच भांडले.

एकटा गोलकडे निघालेल्या खेळाडूला मागून ओढलं तर? इथे रेफ्रीने चार गोष्टी बघायच्या असतात: गोल किती दूर, तो चालला कुठल्या दिशेने, बॉल त्याच्या ताब्यात राहिला असता का, आणि मध्ये किती बचावपटू होते, कुठे होते. स्पष्ट संधी मारली असेल तर लाल. मात्र २०१६ पासून, पेनल्टीच्या चौकटीत बॉल घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न करताना पाडलं असेल तर पेनल्टी आणि पिवळं. कपडा धरून ओढलं तर चौकटीतही लालच. हे सगळं त्या माणसाने धावता-धावता, धुळीत, एका सेकंदात ठरवायचं. फाउल झाला तरी बॉल आपल्याच माणसाकडे गेला तर शिट्टी न वाजवता दोन-तीन सेकंद थांबायचं, फायदा झाला नाही तर मागे येऊन फ्री किक द्यायची. आपल्याकडे रेफ्री असा थांबला की पब्लिक म्हणते, "शिट्टी विसरला काहून बे?"

सांगायचं इतकंच की फुटबॉलचा नियम फूटपट्टीसारखा नाही. जवळजवळ प्रत्येक कलमात रेफ्रीचं मत हाच आधार आहे. जिथे मतावर चालतं तिथे ते मत देणारा माणूस कोण, त्याला शिकवलं कोणी, तो कोणाच्या उपकाराखाली आहे, हे शिल्डपेक्षा महत्त्वाचं. आयोजकाचा पुतण्या प्रामाणिक असला तरी तो पुतण्याच.

कार्डांची गोष्ट आपल्या गडचिरोलीला फार लागू पडते, म्हणून सांगतो. १९६६ च्या वर्ल्डकपमध्ये वेम्बलीवर इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. रेफ्री जर्मन. त्याने अर्जेंटिनाचा कर्णधार रातिन याला बाहेर काढलं. रातिनला जर्मन येत नाही, रेफ्रीला स्पॅनिश येत नाही. रातिन दुभाषा मागत राहिला, मैदान सोडेना, कितीतरी वेळ खेळ थांबला. त्या स्पर्धेत रेफ्रींचं काम पाहणारे केन अॅस्टन गाडीने जाताना सिग्नलवर थांबले आणि त्यांना सुचलं, पिवळा आणि लाल, हे कोणत्याही भाषेत कळतं. १९७० च्या मेक्सिको वर्ल्डकपपासून कार्डं आली.

आता आपला जिल्हा बघा. सिरोंच्याकडे तेलुगू, भामरागड-एटापल्लीत माडिया, धानोऱ्यात गोंडी, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेऱ्यात बंगाली. जिल्हास्तरावर आश्रमशाळेचा पोरगा खेळायला येतो आणि रेफ्री त्याच्यावर भराभर मराठीत ओरडतो. पोरगा नुसता बघत राहतो. मग "उर्मट आहे" म्हणून बाहेर. कार्ड खिशात असून रेफ्री तोंडाने खेळ चालवतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. कार्ड दाखवायचं, हाताने खूण करायची, झालं. ज्या अडचणीसाठी कार्ड जन्माला आलं ती अडचण आपल्याकडे दर दहा कोसांवर आहे.

"गावखेड्याच्या खेळाला एवढे नियम काहून, भाऊ? पोट्टे मजेसाठी खेळतात." हे मला आयोजक नेहमी ऐकवतात. मजेसाठी असतं तर प्रवेश फी कशाला? आणि शालेय स्पर्धांचं काय? तिथे जिंकलेलाच संघ नागपूर विभागावर जातो. विभाग जिंकल्याशिवाय राज्य नाही, आणि राज्यावर काही केल्याशिवाय त्या प्रमाणपत्राला नोकरीत किंमत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ज्या घरात पोलीस भरती सोडून दुसरं स्वप्न नाही, त्या घरातला पोरगा पहाटे लाहेरीकडून निघून गडचिरोलीच्या मैदानावर येतो, आणि एका न दिलेल्या पेनल्टीने संध्याकाळी परत जातो. त्याला अपील करायला कोणी नाही. बरोबर आलेले सर स्वतःच गाडीच्या वेळेच्या काळजीत.

म्हणजे रेफ्रीवर धावून जायचं का? नाही. इथे मी आयोजकांइतकाच प्रेक्षकांवर रागावलेला आहे. ३ मार्च २०२३ ला बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर आयएसएलचा नॉकआउट सामना होता. जादा वेळेत फ्री किक मिळाली, केरला ब्लास्टर्स भिंत लावत होते, तोवर सुनील छेत्रीने बॉल जाळ्यात टाकून दिला. केरळवाले म्हणाले, शिट्टी कुठे वाजली? नियम असा की फ्री किक लगेच घ्यायला शिट्टी लागत नाही, पण रेफ्रीने थांबायला सांगितलं असेल, कार्ड काढायचं असेल, भिंत मागे सारायची असेल तर शिट्टीशिवाय घेता येत नाही. या दोनपैकी काय घडलं यावर वाद. रेफ्रीने गोल कायम ठेवला, केरळच्या कोचने संघ बाहेर बोलावला. निकाल बदलला नाही. क्लबला ४ कोटींचा दंड आणि कोचला १० सामन्यांची बंदी.

लांब कशाला जायचं? फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या कुस्तीत शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारलेली आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. पाठ टेकली की नाही, हा वाद असू शकतो. लाथेबद्दल वाद असू शकत नाही. त्याचं ३ वर्षांसाठी निलंबन झालं. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मात्र "बरोबर केलं भाऊने" असे अंगठे पडत होते. हेच लोक वनरक्षकाला, ग्रामसेवकाला, मतदान केंद्रावरच्या मास्तरला असंच धरतात. पोलीस दल बिरसा मुंडा आणि बाबुराव शेडमाके यांच्या नावाने कबड्डी-व्हॉलीबॉल भरवतं, तिथे पंचाच्या अंगावर कोणी गेलेलं मी पाहिलं नाही. समोर वर्दी असते ना. म्हणजे आपल्याला शिस्त येते, फक्त शिट्टीला घाबरत नाही, काठीला घाबरतो.

रेफ्रीही सगळे धुतल्या तांदळाचे नाहीत, बरं. मधल्या गोलात उभं राहून चाळीस मीटरवरचा फाउल देणारे, पोट सुटलेले, फोन आला तर उचलणारे पाहिले आहेत. एकदा दिलेला निर्णय गर्दी बघून फिरवणारे तर सगळ्यात घातक. एकदा फिरवला की पुढची प्रत्येक शिट्टी बोलीला लागते.

तर येत्या मोसमात ज्या मंडळांच्या सभा सुरू आहेत त्यांना माझं म्हणणं असं. वर्गणीतून पहिला खर्च रेफ्री आणि दोन लाइन्समनचा काढा. मानधन सामन्याच्या आधी द्या, नंतर नाही, कारण नंतर दिलेल्या पैशाला वास येतो. माणसं खेळणाऱ्या दोन्ही गावांबाहेरची घ्या. चंद्रपूर-नागपूरला परीक्षा दिलेले रेफ्री आहेत, जाण्या-येण्याचं भाडं दिलं तर येतात. नाही परवडत तर गावातल्या दोन पोरांना आणि दोन पोरींना या परीक्षेला बसवा. पोरींना, हो जी. २०२२ च्या पुरुषांच्या वर्ल्डकपमध्ये जर्मनी-कोस्टा रिका सामन्याची शिट्टी फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार या बाईच्या हातात होती. आणि आपल्या शेजारच्या गोव्याची युवेना फर्नांडिस २०१६ मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला झेंडा घेऊन लाइनवर होती. पेरमिलीच्या पोरीला का जमणार नाही?

सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना बोलावून दहा मिनिटं नियम सांगा, लागलं तर त्यांच्या भाषेत. रेफ्रीशी फक्त कर्णधार बोलेल. २०२४ च्या युरो कपमध्ये हेच केलं होतं, घोळक्याने गेला तर पिवळं. रेफ्रीला हात लावला तर संघ बाद, मग तो यजमान गावाचा का असेना. आणि मंडळाचं टेबल मैदानापासून इतकं लांब टाका की रेफ्रीला तिकडे बघावंसं वाटलं तरी चेहरे दिसू नयेत.

जाळी आणि फक्कीचा खर्च ज्या भाऊला द्यायचा असेल त्याचा फोटो बॅनरवर खुशाल मोठा छापा, माझी हरकत नाही. मी बातमीतही नाव घालीन. फक्त त्याच बॅनरवर एका कोपऱ्यात रेफ्रीचंही नाव येऊ द्या.

तुमच्या गावच्या मागच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस किती होतं आणि रेफ्रीला किती दिले, हे दोन आकडे खाली लिहा. गावाचं नाव नाही लिहिलं तरी चालेल.