विम्याचे कार्ड खिशात, बिल मात्र अंगावर

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. तेव्हापासून नांदेड आणि लातूरच्या आमच्या व्हॉट्सॲप गटांवर पॉलिसीच्या जाहिरातींची रीघ लागली आहे. वर खाली पाहावे तर विहारातल्या वर्षावासाच्या प्रवचनाची सूचना, आणि लगेच 'पाच लाखांचे कव्हर, रोज फक्त चाळीस रुपये'. या जाहिराती पाठवणारी मुले आपलीच आहेत. पदवी झाली, स्पर्धा परीक्षेची दोन-तीन वर्षे गेली, नोकरी लागली नाही, म्हणून कुणाची तरी एजन्सी घेतली. त्यांना नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. पण जे विकले जात आहे ते नेमके काय आहे, हे विकणाऱ्यालाही पुरते ठाऊक नसते, असा आमचा वस्त्यांमधला अनुभव आहे.

लातूरच्या एका वस्तीतले कुटुंब आमच्याकडे आले ते पॉलिसीची फाईल घेऊनच. मुलगा खासगी कंपनीत नोकरीला. त्याने आई-वडिलांसह सगळ्यांची पॉलिसी काढली होती. वडिलांना सहा वर्षांपासून शुगर. एजंट म्हणाला, "शुगर लिहिली तर हप्ता वाढेल, राहू द्या." अर्ज मोबाईलवर भरला गेला, ओटीपी मुलाने सांगितला, आणि आजाराच्या रकान्यात 'नाही' नोंदवले गेले. चौदा महिन्यांनी वडिलांच्या छातीत दुखू लागले. अँजिओप्लास्टी झाली. कंपनीने दवाखान्याचे जुने कागद मागवले, त्यात शुगरच्या गोळ्या सापडल्या, आणि 'माहिती लपवली' म्हणून दावा नाकारला. घरच्यांनी सोने गहाण ठेवून बिल भरले.

खरी बोच पुढेच आहे. ज्या रुग्णालयात ते दाखल होते, ते महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत होते. ही शस्त्रक्रिया तिथे मोफत होऊ शकली असती. पण घरच्यांनी काउंटरवर खासगी विम्याचे कार्ड पुढे केले आणि रेशनकार्ड कुणी विचारले नाही. दावा फेटाळला गेला तोवर वडील घरी आले होते. योजनेची मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून कळवून मंजुरी घेण्याची सोय आहे, पण तीही वेळेत वापरावी लागते.

आपल्याला आधी काय मिळते ते पाहू. ही योजना २ जुलै २०१२ रोजी 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होता. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. पूर्वी पिवळ्या आणि केशरी कार्डाची अट होती आणि मर्यादा दीड लाखाची होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, पांढऱ्या कार्डालाही, लागू झाली आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे पाच लाख झाली. शुगर, बीपी आधीपासून असले तरी इथे प्रतीक्षा नाही आणि हप्ताही नाही. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. चौकशीचा क्रमांक १५५३८८. हे एवढे माहीत नसल्यामुळे आपली माणसे सोने गहाण टाकतात. योजनेत सगळेच रोग बसत नाहीत, आणि काही रुग्णालये बेड नाही म्हणून टाळाटाळ करतात, हेही आम्ही पाहतो. हैदराबादला रुग्ण हलवण्याआधी तिथे आपले कार्ड चालते का, हे फोन करून विचारा.

आता खासगी विम्याकडे येऊ. त्याचे गणित मुळात सोपे आहे. हजार जण हप्ता भरतात, त्या वर्षी काही जण आजारी पडतात, त्यांचे बिल त्या पैशातून जाते. उरलेल्यातून एजंटचे कमिशन, कार्यालयाचा खर्च आणि नफा. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार केवळ आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांकडे शंभर रुपये हप्त्यामागे सुमारे ६५ रुपये दाव्यांवर गेले. सरकारी विमा कंपन्यांचा हाच आकडा सुमारे १०३ होता. जाहिरात कुणाची जास्त दिसते आणि का, हे यावरून ज्याने त्याने ओळखावे.

खर्च किती? तिशीतले जोडपे आणि दोन मुले यांच्या पाच लाखांच्या पॉलिसीला वर्षाला साधारण बारा ते वीस हजार लागतात. साठी ओलांडलेल्या आई-वडिलांना घातले की रक्कम दुप्पट-तिप्पट होते. २०२५-२६ साठी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे १५,६०० रुपयांचा हप्ता हे पन्नास दिवसांचे काम झाले. वर्ष संपले की पैसे परत नाहीत, आणि पुढच्या वर्षी वय वाढले म्हणून हप्ताही वाढणार. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला नियामकाला आधी विचारावे लागते, हे बंधन जानेवारी २०२५ पासून आहे. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला असा आधार नाही.

एवढे भरून काय मिळते हे पाहताना कागदावरचे काळे अक्षर वाचावे लागते. पहिले तीस दिवस अपघात सोडून काही नाही. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गुडघा बदलणे यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षे. साधारणपणे चोवीस तास दाखल झाल्याशिवाय दावा होत नाही. म्हणजे ओपीडीची फी, रक्ताच्या तपासण्या, दर महिन्याच्या बीपीच्या गोळ्या आपल्याच खिशातून. आमच्या वस्त्यांतल्या घरांना रोज पोखरणारा खर्च तर हाच असतो.

सगळ्यात जास्त फसगत खोलीभाड्यावरून होते. समजा पॉलिसी तीन लाखांची आहे आणि भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. तुम्ही सहा हजारांची खोली घेतली आणि पाच दिवस राहिलात. भाडे तीस हजार, डॉक्टर, नर्सिंग आणि शस्त्रक्रियागृहाचे साठ हजार, औषधे व तपासण्यांचे तीस हजार, एकूण एक लाख वीस हजार. तुम्हाला वाटते फक्त खोलीचे पंधरा हजार कापतील. तसे होत नाही. खोली दुप्पट भावाची घेतली म्हणून डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही अर्धाच मान्य होतो. औषधे व तपासण्यांना ही कपात लागत नाही. हातात येतात पंच्याहत्तर हजार, आणि त्यातूनही हातमोजे, फायलीचे शुल्क असले किरकोळ वजा होते. पंचेचाळीस हजार तुमच्या अंगावर. अर्थात ही अट प्रत्येक पॉलिसीत नसते, म्हणून तर विचारायचे.

मग पॉलिसी घेऊच नये का? ज्यांना नियमित पगार आहे, ज्यांच्या घरी मधल्या फळीतला आजार येऊ शकतो आणि जो योजनेत बसणार नाही, त्यांनी घ्यावी, असे आमचे मत आहे. घेताना आजार लपवू नका. हप्ता वाढला तरी चालेल. ग्राहक माहिती पत्रक मराठीत मागा, ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत ती परत करता येते. सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला 'माहिती लपवली' म्हणून दावा नाकारता येत नाही. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि सुट्टीच्या वेळची मंजुरी तीन तासांत द्यायची आहे.

आणखी एक कार्ड आपली मुले विसरतात. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास करण्याचे काम १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले ते याच काळात, आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. त्या विम्यात मालक ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. ओपीडीही मिळते, आजारपणाच्या रजेचे पैसेही मिळतात. पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे. मॉल, शोरूम, सिक्युरिटी एजन्सी, खासगी दवाखाना अशा ठिकाणी काम करणाऱ्या आपल्या किती तरुणांनी पगारपत्रकावर ईएसआयची कपात आहे का हे पाहिले आहे? कपात होत नसेल तर का नाही, हे मालकाला विचारायला हवे. हा प्रश्न एकट्याने विचारला तर नोकरी जाते, दहा जणांनी मिळून विचारावा.

या सगळ्यात विष्णुपुरीला विसरता येत नाही. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तिथे येणारी माणसे विमा नसल्यामुळे आलेली नव्हती, त्यांच्या परिसरात दुसरे मोठे रुग्णालय नव्हते म्हणून आली होती. नवजात बाळाच्या काचेच्या पेटीजवळ नर्स कमी असेल तर पाच लाखांचे कार्ड तिथे काय करणार? आम्ही पॉलिसीवर बोलतो तेव्हा डोक्यात हे असते. लातूरमध्ये डॉक्टर होण्याचे क्लास चालतात, राज्यभरातून मुले येतात, आणि वस्तीतल्या बाईला स्त्रीरोगतज्ज्ञ शोधायला दिवस मोडावा लागतो.

त्या कुटुंबाचे आता असे आहे. दावा नाकारल्याविरुद्ध कंपनीकडे तक्रार दिली, महिना गेला, समाधान झाले नाही. पुढे पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज केला. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे चालतात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षात जावे लागते. अर्ज लिहिताना आम्ही एजंटचे व्हॉट्सॲप संदेश शोधले. त्यातला 'शुगर राहू द्या' हा संदेश मुलाने पुसून टाकला होता, फोनमध्ये जागा होत नाही म्हणून. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. गहाणाचे व्याज दर महिन्याला चालू आहे.