तो शब्द मग कुणासाठी आहे?

परवा शिरूरला शिक्षकांच्या एका मेळाव्यात समलिंगी आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचा विषय निघाला. एक वक्ते म्हणाले, "ही पुण्या-मुंबईची खुळं. आपल्या उसाकांद्याच्या पट्ट्यात असली मुलं नसतात. शिकवाल तर होतील. शिवाय केंद्राने पुस्तिका काढली होती, ती मागे घेतली." टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही, पण उठून बोललोही नाही. म्हणून आज लिहितो आहे.

असली मुलं आपल्याकडे नसतात? मग शिरूर-दौंडच्या शाळांच्या मैदानावर 'बायल्या' कुणाला म्हणतात? पाचवीतल्या पोराला हा शब्द कुठल्या पुस्तकाने शिकवला? जिथे माणूसच नाही, तिथे त्याच्यासाठी शिवी तयार होत नाही. माझ्या वर्गात आठवीला एक मुलगा होता. आवाज बारीक, चालणं इतरांच्या डोळ्यांवर येणारं. तो दिवसभर पाणी प्यायचा नाही. दप्तराच्या खिशातली बाटली सकाळी जशी भरलेली यायची, तशीच संध्याकाळी घरी जायची. पाणी प्यायलं की मुतारीत जावं लागणार, आणि मधल्या सुट्टीत मुतारीच्या तोंडाशी चार जण उभे. हे मला कळायला सहा महिने लागले. कवायतीच्या तासाला "मुलीसारखा काय चालतोस रे?" असं त्याला ओरडून विचारणारा तर विद्यार्थीही नव्हता, आमचा सहकारी होता. सगळा वर्ग हसला. मी व्हरांड्यात होतो, गप्प राहिलो.

आणि परकं काय आहे यात? दौंडकडच्या शाळांच्या सहली भुलेश्वरला जातात. यवतजवळच्या डोंगरावरच्या त्या देवळात स्त्रीरूपातला गणपती कोरलेला आहे, आणि आपण तो पोरांना कौतुकाने दाखवतो. शिखंडी सांगतो, बृहन्नडा झालेला अर्जुन सांगतो. चौफुल्याच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला तमाशातला नाच्या कोण, हे समजावून द्यावं लागत नाही. दगडातलं, पोथीतलं, फडावरचं चालतं. दुसऱ्या बाकावर बसलेलं चालत नाही.

'शिकवाल तर होतील' म्हणे. इतकी वर्षं शाळेत यातलं अक्षर शिकवलं नाही, तरी ही मुलं आहेतच.

हे पालुपद जुनं आहे. 2007 साली लैंगिक शिक्षणाने मुलं बिघडतील म्हणून राज्यात ते बंद पाडलं, तेव्हाही 'आपल्याकडे नको' हेच ऐकलं होतं. पुढे घरोघर मोबाइल आले. शिक्षकाने जे नीट सांगायचं ते मुलं कुठून आणि कसं शिकली, हे पालकांनाच विचारा.

राहिली पुस्तिका. एनसीईआरटीने 2021 मध्ये तृतीयपंथी मुलांच्या समावेशावर शिक्षकांसाठी ती काढली आणि ओरड होताच संकेतस्थळावरून हटवली, हे खरं. कायदा मात्र कुणी हटवलेला नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्याचं 13 वं कलम अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांना भेदभाव न करता शिकवायला बांधून घेतं. समलिंगी असणं गुन्ह्याच्या सावलीतून सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 लाच बाहेर काढलं.

शिक्षकाने करायचं ते फार मोठं नाही. जातीवरून शिवी दिली की आपण तास थांबवतो, तसा 'बायल्या' ऐकल्यावर थांबवावा. मधल्या सुट्टीत एकाने मुतारीच्या बाजूला उभं राहावं. गॅदरिंगला लेझीम की लावणी, हे मुलाला ठरवू द्यावं. मुलाने विश्वासाने काही सांगितलं तर ते स्टाफरूममध्ये नेऊ नये, त्याला न विचारता घरीही कळवू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक वर्गात लावून ठेवावा.

माझ्या वर्गातल्या त्या मुलाने नववीत शाळा सोडली. लिपिकाची जागा रिकामी होती, म्हणून दाखला मीच लिहिला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात माझ्या अक्षरात 'पालकांच्या विनंतीवरून' असं आहे.