चौकोन कुणाच्या बापाचा?

चित्रात माणूस नाही, भूक नाही, मोर्चा नाही. नुसते एकात एक बसवलेले तीन-चार चौकोन. असली चित्रं बघून आपली पोरं थुंकतात. म्हणतात, हे भरल्या पोटाचे चाळे. मला हे मान्य नाही. दोस्तांनो, थुंकायचंच असेल तर चौकोनावर नका थुंकू. त्याच्याभोवती कुंपण घालणाऱ्यांवर थुंका.

हे चौकोन जोसेफ आल्बर्सचे. जन्म १८८८, जर्मनीतलं बॉट्रॉप. बाप रंगारी. दार रंगवताना मधून सुरुवात करायची आणि कडेला जायचं, म्हणजे ओघळ आवरतात, बाह्या बरबटत नाहीत, हे बापानं शिकवलेलं. १९३३ साली नाझींच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडलं, तेव्हा आल्बर्स अमेरिकेला गेला. १९५० पासून 'होमेज टू द स्क्वेअर' मालिकेतले चौकोन त्यानं असेच आतून बाहेर रंगवले. समीक्षक जिला शुद्ध कला म्हणतात तिच्या बुडाशी रंगाऱ्याची अक्कल आहे, हे ध्यानात ठेवा.

आता स्क्रीन घ्या. चौकटीवर ताणलेली जाळी, रंग नको तिथं बुजवलेली भोकं, वरून शाई आणि स्क्वीजीची ओढ. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. हे पाट्या आणि जाहिराती छापणाऱ्यांचं काम. १९३८ साली न्यूयॉर्कला, मंदीत बेकार झालेल्या कलावंतांसाठीच्या सरकारी योजनेत, अँथनी व्हेलोनिसनं ते चित्रकारांच्या हाती दिलं. स्वस्त आणि भरपूर. पण धंदेवाईक छपाईशी नातं दिसू नये म्हणून लवकरच नवं नाव काढलं गेलं : सेरिग्राफ. तीच जाळी, तीच शाई, तोच घाम. नाव बदललं आणि पंगत बदलली! पुढं कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडे आले, ५/१००. म्हणजे शंभरच काढायच्या, मग स्क्रीन बाद करायची. टंचाई जाळीत नसते राव, ती पाडली जाते.

आल्बर्सचं 'इंटरॅक्शन ऑफ कलर' येल विद्यापीठानं १९६३ साली काढलं. मर्यादित आवृत्ती, स्क्रीनवर छापलेली दीडशे रंगीत पानं. सपाट, एकसारखा रंग स्क्रीनच देते म्हणून. सांगणं एवढंच, की रंग एकटा कधी दिसत नाही. एकच करडा काळ्यावर ठेवला तर उजळ वाटतो, पांढऱ्यावर ठेवला तर काळपट. रंगाला जन्मजात भाव नाही, तो शेजार ठरवतो. इतकी मोठी गोष्ट! आणि १९७१ साली स्वस्त आवृत्ती निघाली तेव्हा तीत रंगीत पानं किती? दहा. पैसेवाल्याला दीडशे, पोरांना दहा.

पण आल्बर्स वर्गात शिकवायचा ते रंगीत कागदाच्या तुकड्यांवर. त्याला ना गॅलरी लागते ना महाग पुस्तक. रद्दीतले रंगीत कागद कापा, शेजारी ठेवा, बघा. लाल म्हणजे क्रांती आणि काळा म्हणजे निषेध, एवढ्यावर पोस्टर होत नाही. तोच लाल काळ्यावर पेटतो. तितक्याच उजळ हिरव्याला खेटला तर कडा थरथरतात आणि अक्षर वाचवत नाही. आपलं म्हणणं रस्त्यावरच्या माणसाला लांबून वाचता आलं पाहिजे ना? मग पुढचं पोस्टर छापायच्या आधी तासभर चौकोन कापत बसा.